रुग्णाशी नाते काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अपघातात पडलेल्या तरुणाला कोणी हात लावला नाही, ही कालची बातमी आणि तिच्याखालचा नागपूरकरांच्या माणुसकीवरचा शेरा वाचून राहवले नाही. माणुसकी कुठे अडते ते मी पाहिले आहे, म्हणून लिहितो.

गेल्या मे महिन्यात मानेवाड्याजवळ गिट्टीवरून घसरलेल्या एका पोराला मी ऑटोत घालून एका खासगी रुग्णालयात नेले. डोक्यातून रक्त वाहत होते. ऑटोवाल्याने त्याला स्ट्रेचरवर ठेवायला हात दिला आणि दारातूनच म्हणाला, "काका, मी अंदर नाही येत. मागच्या टायमाला पोलीस ठाण्याच्या चकरांत दोन दिवस धंदा बुडाला." भाडे न घेता निघून गेला.

काउंटरवर ऐकवले, पोलीस केस आहे, आधी फॉर्म भरा. त्यात एक रकाना होता : रुग्णाशी नाते. मी लिहिले, ‘कोणी नाही’. फॉर्म परत आला. नाते लिहिल्याशिवाय पुढे काही होत नाही म्हणे! वीस मिनिटे पोरगा तसाच पडून. शेवटी ‘काका’ लिहून सही केली, तेव्हा कुठे डॉक्टर आले. आणि काका म्हटल्यावर वीस हजारांचे डिपॉझिटही माझ्याकडेच मागितले. त्याचे नावही मला ठाऊक नव्हते.

आधी उपचार, मग पोलिसांची कागदपत्रे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितले. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे कलम 134-अ आले. 2020 च्या नियमांप्रमाणे मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याचीही सक्ती नाही आणि तसा फलक प्रत्येक रुग्णालयाने दर्शनी भागात मराठीतही लावायचा आहे. त्या काउंटरमागे फक्त डिपॉझिटची पाटी होती. सरकारने मदतीचे बक्षीस 5 हजारांवरून 25 हजार केले. मला बक्षीस नको, त्या रकान्यात ‘अनोळखी’ लिहिलेले चालले पाहिजे. कालच्या बातमीतले बघे त्या ऑटोवाल्यासारखे एकदा पोळलेले नव्हते कशावरून? आपल्या बातमीदाराने एखाद्या काउंटरवर तासभर उभे राहावे, ही विनंती.

पोरगा वाचला, पायात रॉड आहे. त्याची आई मला खरेच काका म्हणते.

आणि ती गिट्टी. रस्ता खोदून बुजवला, पण उरलेली गिट्टी कोणी उचलली नाही. काल संध्याकाळी मुद्दाम जाऊन पाहिले, अजून तिथेच आहे, आणि वळणावरचा दिवाही बंद आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मानेवाडा, नागपूर