चुकीचे व्हील बेअरिंग, नाकारलेली परतफेड आणि ‘दुर्मीळ मॉडेल शुल्क’ यांबाबत तक्रार

दि. १२ जुलै

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोटारींचे सुटे भाग ऑनलाइन विकणारी आपली कंपनी

विषय : फियाट ग्रांदे पुंटो (डिझेल, २०१०) या गाडीसाठी मागवलेली पुढच्या चाकाची दोन बेअरिंग चुकीची आल्याबाबत.

महोदय/महोदया,

दि. १७ जूनला आपल्या अॅपवर तक्रार नोंदवली. त्यावर ‘आपले समाधान हेच आमचे ध्येय’ असा एक मेसेज आला आणि पुढे शांतता. फोनवर तीन वेळा बोललो. तिन्ही वेळा वेगळा मुलगा किंवा मुलगी, आणि तिन्ही वेळा गाडीच्या मॉडेलपासून पुन्हा सुरुवात. म्हणून आता सगळे एकदाच कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवत आहे. पावती, फोटो आणि गॅरेजचे बिल सोबत जोडले आहे.

मी भोसरीच्या एका कारखान्यात ३१ वर्षे स्टोअरकीपर होतो. निवृत्तीनंतर शिरूरला राहतो. हे सांगायचे कारण पुढे येईलच.

माझी पुंटो रांजणगावला तयार झालेली. माझ्या घरापासून तो कारखाना जेमतेम अर्ध्या तासावर आहे. गाडी घेतली तेव्हा फियाटच्या गाड्या टाटाच्या शोरूममध्येच मिळत, त्यामुळे सर्व्हिसची कधी चिंता वाटली नाही. पुढे ही सोय गेली, मग फियाटने इथे मोटारी करणेच थांबवले. आज त्याच कारखान्यातून जीप बाहेर पडतात आणि माझ्या गाडीच्या बेअरिंगसाठी मला दिल्लीहून येणाऱ्या कुरियरची वाट बघावी लागते. सौ. म्हणते, विकून टाका. पण पंधरा वर्षांच्या पुंटोला येणाऱ्या किमतीत चांगली म्हैससुद्धा येत नाही, आणि गाडीचे इंजिन अजून ठणठणीत आहे.

इंजिनाचे भाग मिळतात. ते १.३ मल्टीजेट इंजिन मारुतीने परवाना घेऊन लाखो स्विफ्टमध्ये घातले, टाटाच्या व्हिस्टामध्येही ते होते. त्यामुळे इंजिनापुरते म्हणाल तर माझी गाडी गावातल्या गॅरेजलाही ओळखीची. अडते ते बाकीच्या ठिकाणी : चाक ज्यावर बसते तो हब, सस्पेन्शनचे बुश, काचेचे स्विच, दाराचे हँडल. हे भाग पुंटोचे ते पुंटोचेच. मे महिन्यात पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांची तीन दुकाने फिरलो. फियाट म्हटल्यावर एकाने मला वर-खाली बघितले आणि विचारले, “काका, पद्मिनीचं काही हवंय का?” माझ्या केसांचा रंग बघून विचारले असावे. मुंबईतली शेवटची पद्मिनी, म्हणजे त्या जुन्या फियाटची, टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून उतरली, तरी पेठेत फियाट म्हणजे अजून पद्मिनीच.

तर डाव्या पुढच्या चाकातून घरघर यायला लागली. पन्नास-साठच्या वेगाला जास्त, आणि गाडी उजवीकडे वळवली की आणखी जास्त. वळताना वजन डाव्या चाकावर येते, म्हणून बेअरिंग डावे गेले हे उघड होते. आमच्या गॅरेजवाल्याने चाक उचलून हाताने फिरवले, स्प्रिंगवर हात ठेवला आणि म्हणाला, “काका, बेअरिंग मागवा. दोन मागवा, उजवंही वर्षभरात जाईल.” ३ जूनला आपल्याकडे ऑर्डर दिली.

ऑर्डर देताना आपल्या अॅपने माझ्याकडून गाडीचे मॉडेल, वर्ष, इंधन आणि सतरा आकडी चासी नंबर मागितला. चासी नंबर मी बोनेट उघडून, टॉर्च धरून, चष्मा दोनदा पुसून भरला. त्यावर हिरवी टिकली आली आणि ‘हा पार्ट आपल्या गाडीला शंभर टक्के बसेल’ असे लिहून आले. किंमत एकाला १,८७५ रुपये, दोनचे ३,७५०. कुरियर १६०. आणि पैसे भरायच्या अगदी शेवटच्या पानावर ‘दुर्मीळ मॉडेल हाताळणी शुल्क’ म्हणून ४५० रुपये. एकूण ४,३६०. हे शुल्क आधीच्या एकाही पानावर नव्हते. शेवटच्या पायरीवर किंमत हळूच वाढवण्याच्या या पद्धतीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मनाई केलेली आहे, हे आपल्या विधी विभागाला माहीत असेलच. पण कायदा बाजूला ठेवा. दुर्मीळ म्हणून जास्त पैसे घेता, तर दुर्मीळ म्हणून जास्त लक्ष तरी द्यायचे की नाही?

पाच दिवसांत येणारा माल अकरा दिवसांनी आला. १६ जूनला डावे बेअरिंग बसवले.

व्हील बेअरिंग बदलणे म्हणजे बल्ब बदलणे नव्हे, हे आपल्या हेल्पलाइनवरच्या मुलांना कुणी तरी समजावून सांगायला हवे. नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसते तो लोखंडी भाग, खाली उतरवावा लागतो. तो घेऊन लेथवाल्याकडे जायचे, हायड्रॉलिक प्रेसवर हब बाहेर काढायचा, बेअरिंग अडवून धरणारी सर्क्लिप काढायची, मग बेअरिंग ढकलून काढायचे. त्या दाबाखाली जुने बेअरिंग कामातून जाते आणि त्याची आतली रिंग बहुतेक वेळा हबलाच चिकटून राहते, ती पुलरने ओढून काढावी लागते. नवे बेअरिंग बसवून पुन्हा काढायची वेळ आली तर तेही तसेच बाद होते. म्हणजे ‘लावून बघा, नाही बसले तर परत द्या’ हा प्रकार इथे चालतच नाही. चालत नाही म्हणूनच चासी नंबर विचारायचा असतो.

बेअरिंग बसले. मापात अगदी बरोबर होते. गाडी गॅरेजच्या बाहेर काढून शंभर-दीडशे पावले गेलो असेन, डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागला तो गेलाच नाही.

आमचा गॅरेजवाला दहावी नापास आहे, पण डोके आहे. त्याने लेथच्या खालून चिमूटभर लोखंडाचा कीस आणला. नुकत्याच काढलेल्या जुन्या बेअरिंगच्या सीलवर एक पातळ कागद ठेवला आणि वरून तो कीस भुरभुरला. किसाच्या बारीक बारीक रेघा उभ्या राहिल्या, गोलाकार, एकसारख्या अंतरावर, पाभरीने पेरलेल्या बाजरीच्या तासांसारख्या. एबीएस असलेल्या गाडीत त्या सीलमध्येच चुंबकाची पट्टी असते. बाहेरून ती साध्या रबरासारखीच दिसते. चाक फिरले की शेजारचा सेन्सर ते चुंबक मोजतो आणि चाकाचा वेग कळतो. मग त्याने आपण पाठवलेले दुसरे, न वापरलेले बेअरिंग घेतले आणि त्याच्या दोन्ही बाजूंवर तोच प्रयोग केला. कीस कागदावरून सरळ घसरून खाली पडला. फोटो क्रमांक ३ आणि ४ पाहावेत.

म्हणजे आपण मला त्याच गाडीच्या विना एबीएस मॉडेलची बेअरिंग पाठवली. माप तेच, म्हणून बसली. चुंबक नाही, म्हणून सेन्सर आंधळा.

घरी आल्यावर मी आणखी एक उद्योग केला. खोक्यावरचे स्टिकर जरा जाड वाटत होते. चहाच्या पातेल्याच्या वाफेवर धरून सोलले, तर खाली दुसरे स्टिकर. त्यावर इंग्रजीत स्पष्ट छापलेले : ‘विदाउट एबीएस’. फोटो क्रमांक ५. वरच्या स्टिकरवर बनवणाऱ्याचे नाव नाही, तयार झाल्याचा महिना नाही, कोणत्या देशात बनले ते नाही. नवे पार्ट नंबरचे स्टिकर मात्र सुबक चिकटवलेले.

आता स्टोअरकीपर म्हणून बोलतो. आमच्या स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूला बिन कार्ड, म्हणजे आवक-जावक लिहायचे कार्ड, असे. चुकीचा माल दिला तर मशीन बंद पडे, मशीन बंद पडले की शिफ्ट बंद पडे, आणि मग साहेब खाली येत. एकदा माझ्या हाताखालच्या पोराने मिलिमीटरच्या जागी इंचाचे बोल्ट दिले होते. दोन दिवस आम्ही कुणाला तोंड दाखवले नाही. माल नसेल तर ‘नाही’ म्हणायला आम्हाला कधी लाज वाटली नाही. नाही म्हटले तर खरेदीवाला दुसरीकडे बघतो. खोटे ‘आहे’ म्हटले तर तो तिथेच अडकतो. आपण नाही म्हणाला असतात तर मी जुन्या घरघरत्या बेअरिंगवर आठ दिवस सावकाश गाडी चालवली असती. आपण हो म्हणालात, म्हणून ऐन जूनच्या पावसात गाडी बारा दिवस गॅरेजमध्ये विटांवर उभी राहिली.

आपल्या प्रतिनिधींची उत्तरे जशीच्या तशी लिहितो. पहिला म्हणाला, “सर, वन पॉइंट थ्री मल्टीजेट म्हणजे सगळं सेमच असतं.” चाकाच्या बेअरिंगचा आणि इंजिनाचा काय संबंध, असे विचारल्यावर त्याने मला होल्डवर ठेवले. दुसरी म्हणाली, डावे बेअरिंग वापरलेले आहे आणि उजव्याच्या खोक्याचे सील फुटले आहे, त्यामुळे दोन्ही परत घेता येणार नाहीत. खोके न उघडता आतला माल चुकीचा आहे हे कसे ओळखायचे, हे तिलाही सांगता आले नाही. तिसरा सगळ्यात गोड बोलला. आपण केवळ मंच आहात, जबाबदारी विक्रेत्याची, तरीही सदिच्छा म्हणून उजव्या बेअरिंगच्या किमतीच्या ६० टक्के, म्हणजे १,१२५ रुपये, वॉलेटमध्ये पॉइंट म्हणून मिळतील, मुदत ९० दिवस. या पॉइंटांचे मी काय घेऊ? माझ्या गाडीला खात्रीने बसेल असे आपल्याकडे फक्त आरशाला लटकवायचे सुगंधी झाड दिसते.

बिलावर नाव आणि जीएसटी क्रमांक आपल्या कंपनीचा आहे, दुसऱ्या कुणाचाही नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घेणे आणि त्याचे पैसे देणे विक्रेत्याला नाकारता येत नाही. त्याच नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तो महिना १७ जुलैला संपतो.

माझी गाडी आता चालते आहे. कशी, तेही सांगतो, कारण आपल्या खरेदी विभागाच्या उपयोगी पडेल. लेथवाल्याने सुचवले की मोटारीच्या दुकानात जाऊच नका, बेअरिंगच्या व्यापाऱ्याकडे जा. तिथे गाडीचे नाव सांगायचेच नाही. जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर सांगायचा, आणि तो पुसला असेल तर व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजून द्यायची, वर ‘चुंबकाच्या सीलचे’ एवढे सांगायचे. पुण्यातल्या व्यापाऱ्याने रजिस्टर उघडून पाच मिनिटांत नंबर काढला आणि दुसऱ्या दिवशी माल दिला. १,४२० रुपये, पक्के बिल, खोक्यावर बनवणाऱ्याचे नाव आणि देश. फियाट आहे की फोर्ड, हे त्याने विचारलेही नाही. दुर्मीळ काहीच नव्हते. एबीएसचा दिवा विझला.

आता माझे मागणे. भरलेले सगळे ४,३६० रुपये, त्यात ते दुर्मीळ मॉडेल शुल्कही आले, आणि डावे बेअरिंग दुसऱ्यांदा काढून बसवण्याची मजुरी ७०० रुपये, असे ५,०६० रुपये ज्या बँक खात्यातून गेले त्याच खात्यात यावेत. पॉइंट नकोत, कूपन नको, पुढच्या खरेदीवर सूट नको. दोन्ही बेअरिंग, स्टिकर सोललेल्या खोक्यासह, माझ्याकडे बांधून ठेवली आहेत. आपल्या खर्चाने माणूस पाठवून घेऊन जावीत. शिवाय या पार्टच्या पानावर ‘फक्त एबीएस नसलेल्या गाडीसाठी’ असे ठळक लिहावे. हे मी पैशांइतकेच गंभीरपणे मागतो आहे. कारण काल सायंकाळी पाहिले तेव्हाही माझा चासी नंबर टाकल्यावर तीच हिरवी टिकली येत होती, आणि पुंटो नाही तर फियाटचीच लिनिया घेऊन बसलेला कुणी तरी कुठे तरी आता ती टिकली बघून पैसे भरत असेल. त्याच्या गाडीला एबीएस असेल आणि तो दिव्याकडे दुर्लक्ष करून पावसात घाट उतरेल, तर त्या चुकीची भरपाई वॉलेटमध्ये मावणार नाही.

१७ जुलैपर्यंत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करेन. ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही. निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर आहे, आणि कागदपत्रे लावून ठेवायची सवय जुनी आहे.

आपला,
एक ग्राहक, शिरूर
(पूर्ण नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर)

सोबत : बिलाची प्रत, गॅरेज व लेथची दोन बिले, नव्या बेअरिंगचे बिल, सात फोटो.

ता. क. फोटो क्रमांक ६ मध्ये जे मांजर दिसते, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. गाडी विटांवर होती तेव्हा ते खाली राहायला आले होते.