आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: मी वजन उतरवायला अॅडमिट झालो नव्हतो

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सा. न. वि. वि.

साहेब, तुम्हाला वेळ नसतो हे माहितीये, म्हणून थेट सांगतो. काल माझा मेडिक्लेम नाकारल्याचं पत्र आलं. कारण काय, तर एक्सक्लूजन कोड ०६, म्हणजे लठ्ठपणा आणि वजन नियंत्रणाचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत.

मला बुलिमिया आहे. ताबा सुटल्यासारखं खायचं, मग उलटी करून काढून टाकायचं, मग उपाशी राहायचं, आणि हे सगळं घरच्यांपासून लपवायचं. रक्तातलं पोटॅशियम इतकं खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडले आणि रात्रीच आयसीयूत नेलं. ते विमा कंपनीच्या लेखी वेट लॉस. वा! हृदय बंद पडलं असतं तर वजन एकदम कायमचं कंट्रोलमध्ये आलं असतं, तेव्हा क्लेम दिला असता का कोण जाणे.

तुमचं उत्तर मला आत्ताच ऐकू येतंय, विमा आमच्या खात्यात येत नाही. बरोबर आहे, विमा कंपन्यांवर नजर ठेवणारी आयआरडीएआय केंद्राच्या अर्थखात्याकडे. पण मेंटल हेल्थकेअर अॅक्ट २०१७ चा आहे, त्याचं कलम २१(४) सांगतं की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यायचा. २०१८ मध्ये आयआरडीएआयने कंपन्यांना तसं कळवलं, मग २०२२ मध्ये परत ३१ ऑक्टोबरची मुदत दिली. कायदा झाल्यावर पाच वर्षांनी मुदत! आणि तो पाळतोय कोण हे बघायचं काम कुणाचं, तर प्रत्येकाच्या मते शेजारच्या खात्याचं.

बरं, विमा सोडा. आजार ओळखणारा माणूस तरी कुठे मिळतो ते सांगा. मी वर्षानुवर्षं अॅसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्यात. पहिल्यांदा शंका आली ती दातांच्या डॉक्टरला, कारण समोरच्या दातांची आतली बाजू अॅसिडने झिजलेली होती. फिजिशियनला नाही, दंतवैद्याला! मग एका सायकियाट्रिस्टकडे गेलो तर ते हसून म्हणाले, अहो हे मुलींचं असतं, तुमचं वजन तर नॉर्मल आहे. बुलिमियात बहुतेकांचं वजन नॉर्मल किंवा जास्तच असतं, हे मी पेशंट असून मला माहिती. उपाशी ठेवलं की डोकं कसं फिरतं यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात झाला, ३६ जणांवर, आणि ते ३६ च्या ३६ पुरुष होते. धडधाकट, मनाने खणखणीत माणसं निवडली होती, तरी काही महिन्यांत दिवसरात्र जेवणाचेच विचार, रेसिपी गोळा करणं, नंतर पोट फुटेस्तोवर खाणं. पण आमच्याकडे सल्ला काय मिळतो, मन घट्ट करा. हा सल्ला मला वडिलांनी, बॉसने, मेहुण्याने आणि एका एमबीबीएस डॉक्टरने दिलाय, फुकट, त्यामुळे क्लेमचा प्रश्न आला नाही.

आम्ही मराठवाड्यातले. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी, त्यातलं एकही आमच्या वाट्याला नाही. आणि असतं तरी मी तिथे काय करणार होतो? मला मानसोपचारतज्ज्ञ, फिजिशियन आणि आहारतज्ज्ञ हे तिघं एकमेकांशी बोलणारे हवेत, जो फार खंगलाय त्याला एकदम खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळून जीव जाऊ शकतो हे माहीत असलेले हवेत. ते पुण्या-मुंबईत, खाजगीत. मी थेरपी ऑनलाइन घेतो, सेशनला दोन हजार, आणि अॅडमिट नसताना घेतलेली थेरपी माझ्या पॉलिसीत बसतच नाही. म्हणजे मरायला टेकलो तर वजन नियंत्रण आणि बरा व्हायला लागलो तर ओपीडी. कळलं ना गणित?

१४४१६ चांगलं आहे हो, टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, कुणी ऐकून घेणारं असणं छोटी गोष्ट नाही. पण फोनवर पोटॅशियम तपासता येत नाही. देशात लाखामागे पाऊण सायकियाट्रिस्ट आहे म्हणतात, पाऊण! केंद्राच्या आरोग्य बजेटमधला एखादा टक्का मानसिक आरोग्याला, त्यातलाही मोठा वाटा बंगळुरूच्या एकट्या निम्हान्स या संस्थेला. आणि १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन, आला की रांगोळी स्पर्धा, हिरव्या फिती, मान्यवरांचा सत्कार. आमची वजनं विचारणारे खूप आहेत साहेब, घरात, लग्नात, ऑफिसात, जिममध्ये, आता विमा कंपनीतसुद्धा. इथे खेड्यातली एखादी जाड पोरगी महिनोन्महिने उपाशी राहून चक्कर येऊन पडली तर आधी तिचं कौतुक होतं, छान बारीक झालीस म्हणून, तिला कोण दवाखान्यात नेणार? तिच्या नावाने तर नाकारायलासुद्धा पॉलिसी नाही.

मागणं फार नाही. जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टर-नर्सना हा आजार ओळखायचं ट्रेनिंग द्या, फक्त बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, बघून माणूस घरी पाठवू नका. प्रत्येक विभागात निदान एका सरकारी मेडिकल कॉलेजात आहारतज्ज्ञासकट एक टीम बसवा. आणि कोड ०६ लावून मानसिक आजाराचे क्लेम नाकारले जातायत हे राज्याच्या लेटरहेडवर केंद्राला लिहून विचारा, एका पानाचं काम आहे.

उत्तर पाठवणार असाल तर "आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवण्यात आला आहे" हे कृपया नको. ते आधीच आलंय, संबंधित विभागाने माझा अर्ज परत तुमच्याच कार्यालयाकडे पाठवलाय.

आपला,
हप्ते वेळेवर भरणारा एक पॉलिसीधारक