वाडग्याच्या बुडाशी मोर

वेंगुर्ले,
श्रावण

प्रिय विन्या,

तुमच्या फडताळातल्या त्या आकाशी वाडग्याचा कर्ता सापडला. सॉवरबी. इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीच्या काठी, न्यूकॅसलच्या समोर गेट्सहेड नावाचं गाव आहे. तिथे एलिसन ग्लास वर्क्स हा यांचा कारखाना होता. तुला आधी फोनच करणार होतो, पण हे सगळं फोनवर सांगून संपलं नसतं, आणि तू मधेच 'बरं, किती येतील?' विचारलं असतंस. म्हणून पत्र.

पहिली गोष्ट म्हणजे वाडगा चिनी मातीचा नाही, काचेचा आहे. तुमच्याकडे सगळे त्याला 'चिनी मातीचं' म्हणत आले, त्यात कुणाची चूक नाही. बघणाऱ्याला तसं वाटावं, हेच कर्त्याला हवं होतं. सॉवरबीने 1870 च्या दशकाच्या उत्तरार्धात अपारदर्शक रंगीत काच काढली, आणि तिचं नावच 'व्हिट्रो-पोर्सिलेन' ठेवलं. पोर्सिलेनचा दिमाख, पण साच्यात दाबून भराभर काढता येणारा, म्हणजे मध्यम घरांनाही परवडेल असा. मी काठावरचा तो जुना टवका नीट पाहिला. चिनी मातीचा टवका उडाला की झिलईच्या आत कोरडं, निस्तेज अंग दिसतं. इथे आतपर्यंत तोच रंग, तीच चकाकी, आणि तुटल्या जागी शिंपल्यासारखी वळणं. मग पडवीत उन्हाची तिरीप आली तेव्हा काठ तिच्यासमोर धरला. पातळ भागातून उजेड झिरपला.

दुसरी गोष्ट, तो साच्यातला आहे. बाहेरून टोपलीच्या विणीची नक्षी आहे, पण आतून बोट फिरव, अंग गुळगुळीत लागतं. लोखंडी साच्यात वितळलेल्या काचेचा गोळा सोडायचा, कात्रीने तोडायचा, आणि वरून दट्ट्या दाबायचा. नक्षी साच्याची, आतलं अंग दट्ट्याचं. साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे काचेवर बारीक उभी शीर राहते. विणीत ती लपवलेली आहे, पण नखाला लागते. हातकामाची कापीव काच असती तर नक्षीच्या कडा धारदार लागल्या असत्या. इथे सगळ्या कडा बोथट आहेत.

हे सगळं झाल्यावर मी वाडगा उलटा केला. वाडगा विकत मागणाऱ्या मुंबईच्या त्या व्यापाऱ्याने उलट क्रम धरला असावा. आधी दाम, मग 'फ्रेंच आहे, जुना आहे' एवढं बोलून मोकळा. तुझ्या काकूंनी दिला नाही हे फार बरं झालं.

बुडाशी अगदी लहान, उठावाचं एक चिन्ह आहे. वर्षानुवर्षं राखेने आणि काथ्याने घासून ते झिजलंय. सरळ उजेडात काही दिसत नव्हतं. बॅटरी जवळजवळ आडवी धरली तेव्हा सावली पडली आणि आकार उठला. मान, चोच, डोकं. तुझा पुतण्या म्हणाला, कोंबडा. काकूंनी चष्मा वर केला, बघितलं, आणि म्हणाल्या, 'ह्यो कोंबडो नाय रे, मोर आसा. डोक्यार तुरो बघ.' आणि खरंच तुरा आहे. मोराचं डोकं ही सॉवरबीची नोंदणीकृत खूण, 1876 ची. तिथेच शेजारच्या दुसऱ्या कारखानदारांचे प्राणी निराळे होते. गेट्सहेडच्याच डेव्हिडसनचा सिंह बुरुजातून वर येतो, संडरलँडच्या ग्रीनरच्या सिंहाच्या पंजात चांदणी असते. तुरेवाला मोर असला तर मग शंका राहत नाही.

मोराच्या शेजारी एक चौकट आहे, पत्त्यांमधल्या चौकटच्या आकाराची. ब्रिटनमध्ये 1842 ते 1883 पर्यंत वस्तूचा नमुना नोंदला की ही खूण मिळे. वरच्या वर्तुळात वस्तूचा वर्ग, काचेचा तिसरा. 1868 नंतरच्या चौकटीत उजव्या कोपऱ्यातलं अक्षर वर्षाचं. तुमच्या वाडग्यावर तिथे 'पी' आहे, म्हणजे 1877. खालच्या कोपऱ्यातलं महिन्याचं अक्षर मात्र राखेने पार पुसून टाकलंय. हे साल नमुना नोंदल्याचं, वाडगा ओतल्याचं नव्हे, एवढं ध्यानात ठेव. काचेच्या नमुन्याला तीन वर्षांचं संरक्षण असे, पण साचा धड असला तर काम पुढेही चाले.

आता एक नाजूक गोष्ट. तुझे आजोबा हा वाडगा ओगलेवाडीचा म्हणून पाहुण्यांना दाखवत. स्वदेशीवर त्यांचा जीव होता, स्वदेशी उद्योगांसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या पैसा फंडाला पै-पैसा देणाऱ्यांतले ते. मला वाटतं, घरात वाडगा आधीपासून होता आणि नाव मागाहून चिकटलं. तळेगावचा पैसा फंडाचा काच कारखाना 1908 चा, ओगल्यांचा कराडजवळचा 1916 चा. मोर त्याच्या कितीतरी आधी साच्यात कोरला गेला होता. काकू म्हणतात, वाडगा पणजोबांनी मुंबईहून आगबोटीने आणला, नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्यावर, कपड्याच्या गाठोड्यात बांधून. ते मला पटतं. आजोबांचा अभिमान मी खोटा म्हणणार नाही. त्यांच्याकडच्या, खरोखर ओगल्यांनी केलेल्या प्रभाकर कंदिलावर तो पुरेपूर शोभतो, आणि तो कंदील अजून ओटीवर आहे.

वाडगा तू विकू नयेस असं मला मनापासून वाटतं. दाम कमी म्हणून नव्हे. टवका आहे, बूड झिजलंय, बाजारात त्याचं फार मोल होणार नाही. पण चार पिढ्या ज्यात लोणचं आणि मुरांबा वाढला गेला, त्याला आता कर्त्याचं नाव आहे. काकूंना राख आणि काथ्या बंद करायला सांगितलंय. कोमट पाणी, साबण आणि मऊ फडकं, आणि गरम आमटी त्यात ओतायची नाही.

तुझ्या पुण्याच्या घरात मिठाची एक पांढरी दुधी वाटी आहे ना, आईकडून आलेली? रात्री दिवा बंद करून तिच्या बुडाशी बॅटरी आडवी धर आणि आत व बाहेर दोन्हीकडे बघ, कारण खूण कधी कधी आतल्या तळाशीही असते. काही दिसलं तर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकी फिरव आणि तो कागद मला पाठव.

तुझा,
मोहन