‘खाली बस’ म्हटल्याने मूल बसत नाही : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री,

सप्रेम नमस्कार.

मी पहिली-दुसरीला शिकवते. मुलांच्या वर्तनाविषयी वरून जी परिपत्रके येतात, त्यांत बहुतेक वेळा दोनच गोष्टी असतात : वर्गात नियमांचा तक्ता लावा आणि चांगल्या वागण्याला बक्षिसे द्या. या दोन्हींबद्दल आपल्याशी बोलायचे आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा सारखा जागेवरून उठायचा. मी म्हणायचे, ‘खाली बस.’ तो बसायचा आणि पुन्हा उठायचा. एक दिवस मी दर वेळी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने एक रेघ ओढली. मधल्या सुट्टीपर्यंत कोपरा भरला. तेवढ्या वेळा मी त्याच्याकडे पाहिले होते. तो मान खाली घालून वहीत लिहीत होता, तेव्हा मात्र एकदाही नाही.

1968 साली अमेरिकेत मॅडसन, बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या मुलांवर नेमका हाच अभ्यास केला. बाई ‘खाली बसा’ जितके जास्त म्हणत, तितकी मुले जास्त उठत. बसून काम करणाऱ्यांचे कौतुक सुरू झाले, तेव्हा उठणे कमी झाले. त्याच वर्षीच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात नुसते नियम सांगून जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. आपण मात्र अजून तक्तेच छापतो आहोत.

मग मी त्याच्या बाकाशी जाऊन हळूच सांगू लागले, ‘तीन ओळी न उठता लिहिल्यास. अक्षर रेघेवर आलंय.’ नुसते ‘शाब्बास’ पुरत नाही, काय जमले ते मुलाला कळावे लागते. फरक दिसायला कित्येक आठवडे लागले. मधे काही दिवस तर तो आधीपेक्षा जास्त उठत होता, आणि माझाही धीर सुटत आला होता.

बक्षिसांचे मला जास्त भय वाटते. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रे काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच प्रमाणपत्र कबूल केले. पुढे ती मुले आपणहून चित्रे काढायला बसली, ती इतरांच्या निम्माच वेळ. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळाले, त्यांची आवड टिकून राहिली. चांगल्या वागण्याला चांदण्या चिकटवायच्या भिंतीवरच्या तक्त्याचे दुखणे तर आणखी वेगळे आहे. तळातले नाव तळातच राहते, आणि ते मूल रोज वर्गात शिरताना आधी तिकडे बघते. मी माझ्या वर्गातला तक्ता काढून टाकला आहे.

शिक्षा संपल्या, असेही समजू नका. मुलाला दाराबाहेर उभे करणे अजून चालते. शाळेतली शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असावी, असे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेच्या 28 व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे.

साहेब, स्टिकरांसाठी तरतूद नको. नव्या शिक्षकांच्या वर्गात महिन्यातून दोनदा एखादी अनुभवी शिक्षिका बसेल आणि नंतर दोघी निवांत बोलतील, एवढा वेळ वेळापत्रकात द्या. वर्ग इतके मोठे ठेवू नका की मागच्या बाकावरचे मूल बाईंना दिसूच नये. आणि तपासणीच्या नमुन्यातला ‘नियमांचा तक्ता लावला आहे काय?’ हा रकाना काढा. त्याऐवजी अधिकाऱ्यांनी अर्धा तास मागे बसावे आणि मुलांची नावे किती वेळा रागावताना घेतली गेली, किती वेळा कौतुकाने, ते मोजावे. कागद आणि पेन्सिल पुरेल.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका