कार्डांवर नंबर घातलेस का?

सोलापूर
गुरुवार, रात्री

चि. श्रावणी हिस अनेक आशीर्वाद.

आपल्या मागाची भोकं पाडलेली नक्षीची कार्डं आणि अव्वाच्या बोलण्याची टेप घेऊन तू प्रदर्शनासाठी बडोद्याला गेलीस त्याला आज नऊ दिवस झाले. फोनवर तू ‘हो पप्पा, बघते’ म्हणतेस आणि बोलणं तिथंच संपतं, म्हणून कागद घेऊन बसलो. कार्डांचा विषय काढायचा नाही असं ठरवलं होतं. पण आधी तेवढं सांग, कार्डं ओवलेली दोरी सोडायच्या आधी प्रत्येक कार्डाच्या पाठीवर नंबर घातलास ना?

अव्वाचं सांगायचं म्हणजे, तिचं मराठी गेलं. परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. चाळीस वर्षं दोघी मराठीत बोलत विड्या वळत बसल्या, आणि परवा अव्वा त्यांच्याशी तासभर तेलुगूतच बोलत राहिली. काकूंना एक शब्द कळला नाही, तरी हात धरून बसल्या होत्या. संध्याकाळ झाली की अव्वा उठते, कारखान्याच्या दाराशी जाते आणि विचारते, ‘मग्गम एक्कडा?’ माग कुठाय? मी सांगतो, दुरुस्तीला गेलाय. किलोवर भंगारात घातला हे आईला कुठल्या तोंडानं सांगू? मग ती तुझं विचारते, ‘पिल्ला तिन्नदा?’ मी हो म्हणतो. जेवतेस ना वेळेवर?

निघताना मी जे बोललो ते मनात धरू नकोस. ‘भंगार घेऊन परगावी निघालीस, याला कला म्हणायचं का’ असं मी म्हणायला नको होतं. तुझी अम्मा तीन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. तू टेबलावर ठेवून गेलेली पानं मी त्या रात्री वाचली, काल पुन्हा वाचली. जर्मनीतल्या त्या बाऊहाउस कलाशाळेत बहुतेक मुलींना विणकामाकडे पाठवायचे, आणि आनी आल्बर्सला काचेचं काम शिकायचं असून मागावर बसावं लागलं, हे वाचून तुझी आत्या आठवली. तिला शाळा हवी होती, तिच्या वाट्याला कांड्या भरणं आलं. आल्बर्सबाईंनी त्यातूनच केवढं उभं केलं! १९३० साली त्यांनी बेर्नाउच्या एका शाळेच्या सभागृहासाठी भिंतीवर लावायचं कापड विणलं. त्यात सुताबरोबर सेलोफेन घातलं. एका बाजूनं उजेड परतवायचा, दुसऱ्या बाजूनं आवाज शोषून घ्यायचा. हा खरा विणकराचा विचार. आम्ही जन्मभर चादरीवर मोर कसा दिसेल एवढंच बघितलं, चादर आवाजाचं काय करते हे कुणी विचारलं नाही.

म्हणून एक सुचवतो. तू म्हणतेस तसा तो हॉल रिकामा, पांढऱ्या भिंतींचा असेल तर अव्वाचा आवाज घुमेल. तिचा आवाज आधीच बारीक, शब्द एकमेकांत मिसळतील. मागच्या भिंतीला आपल्या जुन्या जाड चादरी टांग, उलट्या बाजूनं. कार्डांच्या भोकांतून येणारा उजेड जमिनीवर पडू दे, त्याच्या आड काही ठेवू नकोस. तू चार वर्षांची होतीस तेव्हा जकार्डच्या, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्राच्या, खाली बसून तोच उजेड हातावर झेलायचीस. मी ओरडायचो, धोटा उडाला तर डोळ्यात जाईल म्हणून. तू हलायची नाहीस. मग मी तुला भोक म्हणजे काय ते शिकवलं. भोक असलं की सुई आत जाते, हूक वर उचलला जातो, धागा वर येतो. भोक नसलं की सुई मागं ढकलली जाते, धागा खालीच राहतो. एका कार्डाला एक आडवा धागा. आपल्या मोराला ४८० कार्डं. एक कार्ड मागंपुढं झालं की मोराची मान तुटलेली दिसते. तुला हे सगळं माहीत आहे, तरी लिहितोय.

तुला टॉवेलच्या कंपनीत डिझाइनची नोकरी मिळाली असती, घरापासून वीस मिनिटांवर, पीएफसकट. महिन्याला बांधलेला पगार असला की माणूस शांत झोपतो. बापाला झोप नसली की पोरंही... राहू दे. हे लिहायचं नव्हतं. खोडत नाही, पण तू यावरून पुढं जा.

पाट्यांबद्दल मी चुकलो. अव्वाच्या बोलण्याखाली मराठी पाट्या लाव, नाहीतर लोकांना काय कळणार, असं मी म्हणालो होतो. तू सांगितलेल्या चित्रकार झरीनाबाईंचं काम मोबाइलवर बघितलं. अलीगढची मुलगी, १९३७ चा जन्म, घरचे पाकिस्तानात गेले, स्वतः न्यूयॉर्कला राहिल्या. बहिणीनं लिहिलेली उर्दू पत्रं, त्यांवर घरांचे नकाशे छापले. मला उर्दू येत नाही, तरी बराच वेळ बघत बसलो. आणि आपल्याला तरी तेलुगू कुठं वाचता येतं? मी मराठी शाळेत गेलो, तूही. घरात बोलायची भाषा एक, पाटीवरची दुसरी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा भोवतालच्या तेलुगू फलकांवरची अक्षरं मी नक्षी बघावी तशी बघतो. अव्वा गेली की तिचे शब्द लिहून ठेवणारं घरात कुणी नाही. तू ते टेपवर घेतलेस. मी भंगार म्हणालो.

अशोक चौकात चहाला गेलो की सांगतो, मुलगी बडोद्याला प्रदर्शन करते. लोक विचारतात, चित्रांचं का? मी म्हणतो, आपल्या मागाचं.

रविवारी ओळखीचा मुलगा बडोद्याला येतोय. त्याच्याकडे चार चादरी, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी देतो. आणखी एक. अम्माच्या ट्रंकेत मोराचा मूळ ग्राफ सापडला, तांबड्या चौकोनांचा, ओळींना नंबर घातलेला. तोही पाठवतो. नंबर घालायचे राहिले असतील तरी त्यावरून कार्डं लावता येतील. पहिल्या दहा ओळी वाळवीनं खाल्ल्यात, पण त्या मला तोंडपाठ आहेत. रविवारी रात्री फोन करतो, वही घेऊन बस.

तुझे,
पप्पा