मंत्रिमहोदय, बोल्ट कापायची परवानगी द्या

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

काल तुमच्या कार्यालयाचं पत्र आलं. ‘निधीअभावी प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे.’ आभारी आहे. अडीच वर्षांत पहिल्यांदाच काही लेखी मिळालं.

2023 च्या ऑगस्टमध्ये चंद्रयान-3 उतरलं आणि पुढच्याच आठवड्यात तुम्ही माण तालुक्यातल्या आमच्या शाळेत उतरलात. माईकवर म्हणालात, दुर्बीण देतो, चौथरा बांधून ठेवा. वर्गणी काढून गच्चीवर बांधला. दुर्बिणीसाठी सोडलेले चार बोल्ट आता गंजलेत. त्यांना दोरी बांधून खिचडीच्या भांड्यांची फडकी वाळतात.

शेवटी फंडातून पैसे काढून मीच सहा इंची दुर्बीण घेतली. घरात अजून धुसफूस आहे. गुडघे गेलेत, तरी रात्री ती जिन्यावरून मीच चढवतो. शनीची कडी दिसते, शेजारी त्याच्या टायटन या चंद्राचा ठिपका. शनीचा आणखी एक चंद्र, एन्सेलॅडस, दिसत नाही, आणि पोरं नेमकं त्याचंच विचारतात. जेमतेम पाचशे किलोमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा, इथून हैदराबाद गाठावं एवढाच. दक्षिण ध्रुवाकडच्या भेगांतून त्याच्या पोटातलं खारं पाणी उडतं. कॅसिनी यान त्या फवाऱ्यांतून गेलं, पण त्याची उपकरणं जीवसृष्टी हुडकायला बनवलेली नव्हती. म्हणून युरोपची अवकाश संस्था आता तिथे उतरणाऱ्या यानाचा विचार करतेय. उड्डाण 2040 च्या दशकात, पोचायला 2050 उलटणार. आज आखणारे तोवर निवृत्त! काम करणार आज सहावीत असलेली पोरं. आमच्या एकीने बोटं मोजली, “सर, तेव्हा मी चाळिशीची असेन.” तिला तुमचं पत्र वाचून दाखवू?

गुरूच्या युरोपा या चंद्राकडे निघालेल्या अमेरिकेच्या युरोपा क्लिपर यानाला म्हणे पाचशे कोटी डॉलर लागले, म्हणजे आपले चाळीस हजार कोटींच्या वर. शून्यं मोजताना दोनदा चुकलो, थोडं इकडेतिकडे धरा. आम्ही दीड लाख मागितले होते.

आणि तुम्हा एकट्याला तरी काय बोलायचं? मतदारयाद्या आम्ही, जनगणना आम्ही, तांदळाचा हिशेब आम्ही. विज्ञान दिनाचे फोटो दुपारी तीनच्या आत लिंकवर टाकायचे. फोटो गेला की विज्ञान झालं. प्रयोगशाळेच्या कुलपाची किल्ली हरवलीय, हे त्या लिंकवर लिहायला रकाना नाही.

निधी राहू द्या. बोल्ट कापायची परवानगी तेवढी द्या. वर्गणी गावाची असली तरी चौथरा रजिस्टरला शासकीय मालमत्ता म्हणून चढलाय, विचारल्याशिवाय हात लावता येत नाही. परवा पाचवीतला एक पोरगा त्यावर पडला. गुडघ्याला तीन टाके पडलेत.

आपला,
एक विज्ञान शिक्षक
ता. माण, जि. सातारा