केवळ उंचीवर मिडफिल्डर तोलू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लंबगोल चेंडू हातानेही खेळायच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलविषयी आपल्या क्रीडा पानावर आलेल्या टिपणात, मध्यफळीत खेळायचे तर आता खेळाडू सव्वासहा फुटांचा आणि धिप्पाडच हवा, लहान चणीच्या चपळ मिडफिल्डरचे दिवस सरले, असे मत मांडले आहे. मेलबर्नमध्ये राहून हा खेळ अनेक वर्षे जवळून पाहणाऱ्या माझ्यासारख्या वाचकाला ते एकांगी वाटते. येथील मराठी घरांतली मुलेही आता शनिवार-रविवारी हा खेळ खेळू लागली आहेत आणि त्यांच्या आईवडिलांनी मुलाची उंची पाहून त्याची जागा ठरवू नये, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

टिपणकारांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करतो. कार्लटन क्लबचा पॅट्रिक क्रिप्स १९५ सेंटिमीटर उंच आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमधील सर्वोत्तम खेळाडूला दिले जाणारे ब्राउनलो पदक त्याने २०२२ आणि २०२४ अशा दोन वर्षी मिळवले, आणि दुसऱ्या वेळी पंचांची ४५ मते घेऊन नवा विक्रमही केला. फ्रीमँटलकडून खेळलेला नॅट फायफ आणि वेस्टर्न बुलडॉग्जचा मार्कस बॉन्टेम्पेली हेही १९० सेंटिमीटरच्या वरचेच. पूर्वी एवढ्या उंचीच्या मुलाला सरळ गोलपुढे किंवा बचावात उभे केले जाई. या देहाचा उपयोग कोठे होतो, हे क्रिप्सला चेंडूच्या झटापटीत पाहिले की कळते. दोन्ही संघांचे रक, म्हणजे उडवलेल्या चेंडूसाठी झेप घेणारे उंच खेळाडू, हवेत झेपावतात, चेंडू खाली येतो, क्रिप्स आधी कंबर आणि मांडी मध्ये घालून प्रतिस्पर्ध्याला अर्धे पाऊल बाहेर ढकलतो आणि मगच चेंडू उचलतो. एवढ्यात दोघे त्याच्या अंगाला झोंबलेले असतात, पण त्याचे हात त्यांच्या मिठीच्या वरच राहतात आणि तेथून तो बाहेर उभ्या असलेल्या साथीदाराला हँडबॉल देतो, म्हणजे मुठीने मारून चेंडू पोहोचवतो. हात अडकले आणि चेंडू सुटला नाही तर चेंडू धरून ठेवल्याबद्दल पंच प्रतिस्पर्ध्याला फ्री किक देऊ शकतात. म्हणून उंच खेळाडूचे मोकळे राहणारे हात हे नुसत्या ताकदीपेक्षा मोठे भांडवल आहे.

परंतु क्रिप्सच्या त्या दोन पदकांच्या मधल्या वर्षी, २०२३ साली, पदक कोणी मिळवले? ब्रिस्बेन लायन्सच्या लॉकी नीलने, आणि त्याची उंची १७७ सेंटिमीटर आहे. त्या वर्षी त्याने बॉन्टेम्पेलीला दोन मतांनी मागे टाकले, आणि २०२० चे पदकही त्याचेच होते. क्रिप्सने ४५ मते मिळवली त्या रात्री दुसरा आलेला कॉलिंगवुडचा निक डेकॉस हा सडपातळ, सतत पळत राहणारा खेळाडू. त्याची मते ३८ झाली, म्हणजे ३६ चा जुना विक्रम त्यानेही मोडला. २०२५ चे पदक गोल्ड कोस्टच्या मॅट रॉवेलला मिळाले आणि तो १८० सेंटिमीटरच्या आसपास आहे. ब्राउनलोची मते पंच देतात, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सतत चेंडूजवळचे खेळाडूच असतात, त्यामुळे बचावपटूंवर या पदकात अन्याय होतो असे मला नेहमी वाटत आले आहे. पण मिडफिल्डरांची आपसांत तुलना करायला हे माप चालेल, आणि या मापाने लहान चणीच्या खेळाडूचे दिवस सरल्याचे दिसत नाही.

नीलचा खेळ हा निव्वळ वेगाचाही खेळ नाही, आणि ‘वेग की देह’ हा प्रश्न येथेच अडखळतो. ड्राफ्टपूर्वीच्या, म्हणजे क्लबांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्यापूर्वीच्या, चाचण्यांत मुलांना २० मीटर धावायला लावतात आणि शतांश सेकंदापर्यंत वेळ मोजतात. मात्र झटापटीच्या जागी २० मीटर मोकळे कधी मिळतच नाहीत. तेथे मिळतात दोन पावले. नील चेंडू हातात येण्यापूर्वीच मान वळवून कोण कोठे आहे हे पाहून ठेवतो, गुडघ्यात वाकून चेंडू घेतो आणि टॅकल करणारा पोहोचेपर्यंत त्याच्या हातून तो गेलेला असतो. कबड्डीत बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून अंग मागे घेणाऱ्या चढाईपटूचे कसब ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको. हॉथॉर्नचा सॅम मिचेल वेगवान खेळाडूंत कधीच मोडत नव्हता. २००१ च्या ड्राफ्टमध्ये तो ३६ व्या क्रमांकावर निवडला गेला, तरीही दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने किक मारणारा हा खेळाडू चार विजेतेपदे जिंकून निवृत्त झाला. त्याच्याही आधी ग्रेग विल्यम्स हळू आहे म्हणून कार्लटनने त्याला नाकारले होते. पुढे त्याने दोन ब्राउनलो पदके मिळवली, आणि त्यांतले दुसरे, १९९४ चे, कार्लटनकडूनच खेळताना.

खरा वेग असलेला मिडफिल्डर मात्र वेगळेच सुख देतो. ख्रिस जड (Judd) हा मिडफिल्डर गर्दीतून पहिल्या चार-पाच पावलांत जी मुसंडी मारून बाहेर पडे, तिला तोड नव्हती. पण जडही १८९ सेंटिमीटरचा होता आणि खांद्याने भक्कम होता, म्हणजे धक्का पचवून पळण्याची ताकद त्याच्यात होती. चेंडू घेऊन नुसत्या पळणाऱ्याला दर १५ मीटरला तो जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो, आणि तेवढ्यात मागचा माणूस गाठतो.

आता ज्या गोष्टीचा टिपणात उल्लेखच नाही आणि जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, तिच्याकडे येतो. ती म्हणजे इंटरचेंजचा नियम. पूर्वी बाकावरच्या खेळाडूंची अदलाबदल कितीही वेळा करता येई. २०१४ मध्ये तिच्यावर प्रथमच सामन्यामागे १२० ची मर्यादा आली, २०१६ मध्ये ती ९० झाली आणि २०२१ पासून ७५. एका सामन्यात बारा-पंधरा किलोमीटर पळणाऱ्या मिडफिल्डरला विश्रांती कमी मिळू लागली, तेव्हा आता दमसास असलेल्या हलक्या खेळाडूंचे राज्य येणार असे बरेच जण म्हणत होते. घडले काहीसे उलट. डस्टिन मार्टिन, पॅट्रिक डेंजरफिल्ड, बॉन्टेम्पेली यांच्यासारख्यांना दम लागला की कोच त्यांना बाकावर न बोलावता गोलपुढे पाठवू लागले. तेथे त्यांना पळावे कमी लागते आणि त्यांच्या उंचीमुळे बचावपटू अडचणीत येतो तो वेगळाच. संघाची एक अदलाबदल वाचते आणि वर एखादा गोलही मिळतो. सडपातळ मिडफिल्डरला ही सोय सहसा नसते. देहाचे मोल वाढले ते बऱ्याच अंशी या नियमाच्या गणितामुळे. उद्या नियम बदलला तर हे गणितही बदलेल. त्यामुळे आजच्या गणितावरून आठ-दहा वर्षांच्या मुलाचे भवितव्य ठरवणे मला धोक्याचे वाटते.

मुलांच्या सामन्यांत हे नेहमी दिसते. तेरा-चौदाव्या वर्षी ज्याला मिसरूड फुटले आहे तो मुलगा चेंडू काखेत धरून तिघा-चौघांना अंगावर घेत सरळ गोलपर्यंत जातो, आणि मैदानाबाहेरचे पालक त्यालाच उद्याचा क्रिप्स ठरवून टाकतात. पुढच्या तीन वर्षांत बाकीची मुलेही वाढतात. मग जो गर्दीत चेंडू सोडायला कधी शिकलाच नाही, तो अडकतो, आणि जो अंग चोरून, डोके वर ठेवून हँडबॉल द्यायला शिकला होता, तो पुढे निघतो. अर्थात, तोवर त्याला कोणी गोलशेजारच्या कोपऱ्यातल्या फॉरवर्ड पॉकेटमध्ये टाकून दिलेले नसेल तर. १६३ सेंटिमीटरच्या टोनी लिबरेटोरने १९९० साली ब्राउनलो मिळवले ते टॅकल आणि चिकाटीच्या बळावर. १६८ सेंटिमीटरचा कॅलेब डॅनियल २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४६ व्या क्रमांकापर्यंत थांबला आणि दोनच वर्षांनी बुलडॉग्जच्या विजेत्या संघात होता.

यापुढे आपल्या पानावर या खेळाचे वृत्त देताना खेळाडूच्या उंची-वजनाबरोबरच त्याने झटापटीतून किती चेंडू बाहेर काढले आणि त्यांतले किती साथीदाराच्या हाती पडले, हेही कृपया छापावे. हे आकडे प्रत्येक सामन्यानंतर सहज उपलब्ध असतात.

आपला,
एक वाचक, मेलबर्न